हिरव्याखाली लाल

फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून कामापुरतं देतो:

"सर, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगवते. सध्या माहेरच्या कुळागराचं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेचं, चित्र करायला घेतलंय, अठरा बाय चोवीस इंची कॅनव्हासवर. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीसमोरच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीसमोरच्या) भिंतीवर लावू, असं भावाला बोलून बसले आहे. व्हिडिओत बघून आधी सगळ्या कॅनव्हासला बर्न्ट सिएना, तो लालसर तपकिरी, लावला. दोन तासांनी वरून हिरवा द्यायला गेले तर खालचा रंग उठून वर आला, नुसता चिखल. काही ठिकाणी पापुद्रे निघून पांढरं कापड दिसायला लागलं. मग दुसऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवलं, तर झाडं प्लास्टिकच्या तोरणासारखी दिसतात. ग्लेझ, म्हणजे वरून द्यायचा पारदर्शक पातळ थर, म्हणून पाण्यात रंग कालवून लावला, त्याचे डाग पडले. अंडरपेंटिंगची, म्हणजे आधी द्यायच्या या खालच्या थराची, खरंच गरज असते का, की ते मोठ्या चित्रकारांचे चोचले? आणि एक. चित्रात पाटाजवळ माझे बाबा उभे आहेत. चेहऱ्याखाली आधी हिरवा रंग द्यावा म्हणतात, ते खरं का?"

ताई,

चिखल झाला त्यात तुमच्या हाताचा दोष थोडा आणि आषाढाचा जास्त. व्हिडिओतला गृहस्थ वीस मिनिटांत दुसरा थर देतो, कारण तो कुठल्यातरी कोरड्या हवेत बसलेला असतो. आपल्याकडे या दिवसांत दोरीवरचा टॉवेल तीन दिवस ओलाच. कोकमाची सोलं वाळत घालायला कोणी पावसाची वाट बघतं का?

अ‍ॅक्रिलिक रंगात बारीक दळलेलं रंगद्रव्य असतं, आणि पाण्यात तरंगणारे एका प्रकारच्या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना भिडतात, चिकटतात, आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. एकदा तो नीट बनला की पुन्हा पाण्याने सुटत नाही. जलरंग वाळल्यावरही ओल्या ब्रशने उठतो, हा उठत नाही. थरावर थर चढवायला अ‍ॅक्रिलिक सोयीचं ते याच कारणामुळे. पण हवेतच पाणी ठासून भरलेलं असेल तर रंगातलं पाणी जाणार कुठे? मग दुधावर साय धरते तसं होतं. वर साय, खाली ओलं. बोट लावलं तर कोरडं वाटतं. त्यावर तुम्ही ओला ब्रश घासलात की साय फाटते, तेच तुमचे पापुद्रे.

तेव्हा बोटाच्या टोकाने तपासू नका. हाताची मागची बाजू कॅनव्हासला टेकवा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. त्याहून पक्की खात्री हवी असेल तर कानातली कापसाची काडी पाण्यात बुडवून कोपऱ्यात एकदा फिरवा. कापसावर रंग आला, तर आणखी थांबायचं. पावसाळ्यात मी एका थरानंतर सरळ रात्र जाऊ देतो आणि खोलीत पंखा चालू ठेवतो. हेअर ड्रायर वापरायचा तर मंद आचेवर, हातभर लांबून, सतत हलवत. जाड थरावर तो लावलात तर साय तेवढी लवकर धरेल, बाकी काही नाही. आणि रिटार्डर नावाची बाटली असेल तर ती दिवाळीपर्यंत कपाटात राहू द्या. ती रंग उशिरा वाळावा म्हणून असते, आपल्याला ते काम पाऊस फुकट करून देतो.

आता चोचल्यांबद्दल. दर चित्राला अंडरपेंटिंग लागतंच असं मी म्हणणार नाही. मिरामारच्या वाळूवर बसून तासाभरात समुद्र उतरवायचा असेल तर पांढऱ्यावर थेट सुरू करावं. पण कुळागर? तिथे खालचा थर नसेल तर माणूस हिरव्यात बुडून मरतो. माडाचा हिरवा, पोफळीचा हिरवा, केळीचा, पानवेलीचा, मिरवेलीचा, वर शेवाळाचा हिरवा. प्रत्येकाला ट्यूबमधला वेगळा हिरवा शोधत बसलात की तुमचं ते प्लास्टिकचं तोरण तयार होतं.

भावाकडे जाल तेव्हा एक करा. पाटाच्या कडेला उभ्या राहा आणि डोळे किलकिले करून बघा, इतके की पानं वेगळी दिसायची बंद होतील. काय उरतं? खाली जांभ्याच्या बांधाचा ओला, काळपट लाल. पोफळींच्या मधल्या फटींतून दिसणारा तोच लाल, जरा जांभळट. वरून एखाद्या केळीच्या पानातून ऊन आरपार येतंय तेवढाच पिवळा तुकडा. हिरवा उरतो तो या दोहोंच्या मध्ये, आणि तोसुद्धा आपल्याला वाटतो त्याच्या निम्माच. कुळागर लाल मातीवर उभं आहे, मग चित्रही तसंच उभं करायचं. शिवाय रंगचक्रात लाल आणि हिरवा समोरासमोर बसतात. हिरव्या पानांच्या फटीतून लालाचे बारीक ठिपके राहिले की डोळ्याला हिरवा जिवंत वाटतो. अखंड, बिनफटीचा हिरवा मेलेला दिसतो. तुमच्या व्हिडिओवाल्याने बर्न्ट सिएना सांगितला तो बरोबरच होता. फक्त तुम्ही तो सगळा झाकायला निघालात. खालचा थर झाकण्यासाठी नसतो, ताई. तो कुठे उघडा ठेवायचा हे ठरवणं हीच खरी चित्रकारी, वर पानं काढणं त्या मानाने सोपं.

हे काही परदेशातून आलेलं शहाणपण नव्हे. आपल्याकडच्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेला लाल थर द्यायचा आणि तो ओलसर असेपर्यंत टोकदार हत्याराने खरवडून नक्षी काढायची. खरवडलं की खालचं पांढरं वर येतं. म्हणजे वेल, मोर, कमळ जे दिसतं ते रंगवलेलं नसतं, उघडं केलेलं असतं. तुमचं काम याच्या उलट आहे, लाल खाली आणि हिरवा वर, पण डोकं तेच लागतं. आणि घाईसुद्धा तीच. कावी करणाऱ्याला गिलावा सुकायच्या आत हात उरकावा लागतो.

आता तुमच्या चित्राकडे. कॅनव्हास तयार मिळतो त्यावर जेसो, म्हणजे रंग धरावा म्हणून दिलेलं पांढरं अस्तर, असतो, तरी वरून आणखी दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये वाळू देऊन. मग बर्न्ट सिएनात थोडा रेड ऑक्साइड मिसळा म्हणजे आपल्या मातीच्या जवळ जाईल. पाणी घाला, पण रंग वरणासारखा राहू दे, सारासारखा नको. फार पातळ केलं की चिकटवणारे कण विरळ होतात आणि थर अशक्त राहतो. तुमचा रंग उठला त्यात याचाही हात असणार. रुंद ब्रशने भराभर लावा. एका जागी पुन्हा पुन्हा ब्रश फिरवू नका. भिंतीला चुना काढणारा गडी कसा एकदा हात मारून पुढे सरकतो, तसं.

आणि लगेच, रंग ओला आहे तोवर, जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या. जिथे ऊन पडणार आहे, केळीचं ते पान, पाटातल्या पाण्याची चमक, बाबांच्या खांद्यावरचा पंचा, तिथला रंग पुसून काढा. पूर्ण पांढरं करू नका, फिकट भगवं राहू दे. तुमच्याकडे पावसाळ्यात पाचदहा मिनिटं तरी मिळतील. दमट हवेचा हा एकच फायदा, तो उपटून घ्या. थर चढवण्याइतकंच थर काढणंही महत्त्वाचं असतं. वासुदेव गायतोंडे, मूळ गोव्याच्या घरातले, जन्म १९२४ चा नागपुरातला, ते तैलरंगात काम करायचे. पण रोलरने, पॅलेट नाईफने रंग चढवायचा आणि उचलून घ्यायचा, हाच त्यांच्या चित्रांचा प्राण. त्यांच्या चित्रांत उजेड आतून आल्यासारखा वाटतो तो यामुळे.

पुसून झालं की दुसऱ्या दिवशी सावल्या. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिन निळा एकत्र केला की काळ्यापेक्षा छान असा गडद रंग मिळतो. त्याने फक्त अंधाराच्या जागा भरा. पोफळींच्या मागचं दाट रान, बांधाची खालची बाजू, पाटाचा काठ. इथे थांबा आणि चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो काळापांढरा करून बघा. कुळागर ओळखू येतंय? तर पुढे जा. नाही येत? मग हिरवा लावून ते येणार नाही, आत्ताच दुरुस्त करा. माझ्या वर्गातली मुलं ही पायरी हमखास गाळायची आणि नंतर रंगांना दोष देत बसायची.

हिरव्या ट्यूबा डब्यात ठेवून द्या. अल्ट्रामरिनमध्ये यलो ओकर मिसळून शेवाळी हिरवा येतो. काळ्यात लेमन यलो घातला की जुन्या झावळीचा हिरवा येतो, करून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. थॅलो ग्रीन हा भडक हिरवा घ्यायचाच तर टाचणीच्या टोकाएवढा, आणि त्यात बर्न्ट सिएना टाकून त्याचा माज उतरवल्याशिवाय कॅनव्हासला लावू नका. आणखी एक, अ‍ॅक्रिलिक ओलं असताना फिकट दिसतं, कारण आतलं माध्यम दुधाळ असतं. वाळलं की ते पारदर्शक होतं आणि रंग एक पायरी गडद होतो. म्हणून कागदाच्या पट्टीवर आधी लावून वाळवून बघा, मग कॅनव्हासवर.

हा हिरवा लावताना ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंग घेतला की तो फडक्यावर टिपून घ्या आणि आडवा धरून लालावरून नुसता ओढत न्या. कॅनव्हासच्या विणीच्या उंचवट्यांवर हिरवा बसतो, खळग्यांत लाल राहतो. फूटभर लांबून बघितलं तर पानांची सळसळ दिसते, एक पान न काढता. ही गोष्ट पहिल्यांदा जमते तेव्हा माणूस उठून चहा करायला जातो, इतका आनंद होतो.

आता ग्लेझ. तुमचे डाग पडले, कारण तुम्ही नुसतं पाणी वापरलंत. खाली वाळलेला अ‍ॅक्रिलिकचा थर म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकच, त्यावर पातळ पाणीरंग ठरत नाही. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोळा होतो आणि वाळताना कडेला गडद रेघ सोडतो. ग्लेझिंग मीडियम नावाची बाटली मिळते, ती आणा. चमचाभर मीडियमला मुगाच्या दाण्याएवढा रंग पुरे. लावल्यावर दुधाळ दिसेल, घाबरू नका, वाळल्यावर काचेसारखं होईल. काही हौशी मंडळी मीडियमऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद वापरा म्हणून सांगतात. स्वस्त पडतो, कबूल, पण तो वाळल्यावरही पाण्याला भुलतो, आणि आपल्या पावसात मऊ पडतो. वर्षभराची मेहनत त्यावर उभी करू नये.

ग्लेझला रंग पारदर्शक हवा. ट्यूबच्या मागे बहुधा एक छोटा चौकोन असतो. मोकळा असेल तर पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर अर्धपारदर्शक, पूर्ण भरलेला असेल तर झाकणारा. थॅलो निळा, क्विनॅक्रिडोन जातीचे लाल, इंडियन यलो म्हणून मिळतो तो पिवळा, हे पारदर्शक. टायटॅनियम व्हाइट झाकणारा, त्याला ग्लेझमध्ये घालू नका, खडूची भुकटी उडाल्यासारखं दिसतं.

केळीचं ते उन्हातलं पान असं करा. पुसून ठेवलेल्या जागी आधी टायटॅनियम व्हाइटमध्ये चिमूटभर लेमन यलो घालून पान जाडसर रंगवा. हिरवा अजिबात नको. शिरा ब्रशच्या मागच्या टोकाने ओल्या रंगातच ओढा. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळं ग्लेझ, सबंध पानावर. तेही वाळलं की पानाच्या देठाकडच्या अर्ध्यावर थॅलो निळ्याचं अगदी पुसटसं ग्लेझ. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा तयार होतो, पण पॅलेटवर कालवलेल्या हिरव्यासारखा तो पडून राहत नाही. उजेड वरच्या दोन थरांतून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगीत काचांतून बाहेर येतो. पानातून ऊन येताना प्रत्यक्षातही साधारण असंच होतं. टोकाकडचा अर्धा भाग पिवळाच सोडा. तिथे हात लावायचा मोह होईल, होऊ दे, लावू नका.

अशी दोनतीन पानं पुरेत. सगळीच चमकायला लागली तर पुन्हा तोरण.

बाबांच्या चेहऱ्याखालचा हिरवा. ऐकलंत ते खोटं नाही. जुने इटालियन चित्रकार अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी चेहरे रंगवायचे, तेव्हा खाली हिरव्या मातीचा थर देत, वर गुलाबी. सावलीत तो हिरवा किंचित डोकावला की गुलाबी कातडी जिवंत वाटायची. शतकं उलटली, वरचा गुलाबी झिजला, आणि आज कित्येक चित्रांतले संत आजारी असल्यासारखे हिरवट दिसतात. आपल्या माणसांची गव्हाळ, सावळी कातडी उन्हात काम करून रापलेली. तिला तुमचा खालचा लाल-तपकिरी थरच पुरतो. बाबा चित्रात बोटभर उंचीचे असतील, हो ना? मग डोळे, नाक काढूच नका. कपाळ आणि गालाचं हाड यांवर ओकर आणि पांढऱ्याचा एकेक ठिपका, मानेखाली निळसर सावली, बाकी खालचा थर उघडा. उभं राहायची ढब बरोबर आली की भाऊ लांबूनच ओळखेल. स्वतंत्र मोठं व्यक्तिचित्र कराल तेव्हा हिरव्याचा प्रयोग जरूर करा, पण तेव्हा राखाडी झाक असलेला, मातकट हिरवा घ्या.

पातळ थरांतून माणसं कशी उभी राहतात हे बघायचं असेल तर आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं बघा. १९०२ साली जुव्यात म्हणजे सांत इस्तेव्हांत जन्मलेला, शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार. काम बरंचसं जलरंगातलं, पण पातळ थरांचा संयम माध्यम बदललं तरी तोच. पर्वरीच्या झेव्हियर इतिहास संशोधन केंद्राकडे त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. जाण्याआधी फोन करून विचारून घ्या.

चिखल झालेला पहिला कॅनव्हास टाकला नसेलच, शिक्षिका काही टाकत नाहीत. सुटलेले पापुद्रे खरवडून काढा, दोनशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून हलकेच घासा, पुसा, दोन दिवस वाळवा. पांढऱ्या पडलेल्या जागी जेसोचा हात देऊन वर पुन्हा लाल. हे चित्र त्याच्यावरच करा, नव्याला पैसे घालू नका. खालच्या खडबडीतपणाने कोरड्या ब्रशला उलट जास्त पकड मिळेल.

झाल्यावर चित्र दुसऱ्या चित्राला चिकटवून ठेवू नका. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा वाळला तरी उकाड्यात थोडा मऊ राहतो. एका पावसाळ्यात मी दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ट्रंकेत ठेवले होते. चवथीला उघडले तर एका चित्रातली होडी दुसऱ्या चित्रातल्या आभाळात जाऊन बसली होती. मध्ये बेकिंगचा कागद ठेवायला हवा होता. वर्तमानपत्रही नको, त्याची अक्षरं छापून येतात.

वार्निश चवथीपूर्वी करायची घाई नको, पाऊस ओसरल्यावर कोरड्या दिवशी करा. आणि भावाला सांगा, भिंत मातीची असो वा चिऱ्याची, या दिवसांत तिला ओल असतेच. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, मागे बोटभर वारा खेळला पाहिजे, नाहीतर दसऱ्यापर्यंत कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरेल. माटोळीच्या अगदी जवळही लावू नका. तिथली फळं पाचव्या दिवसापर्यंत पाझरायला लागतात.